खिचडीचा तास कोणत्या विषयाचा?

पटावर ४३, आज हजर ३७. फळ्याच्या कोपऱ्यात हे दोन आकडे पडले की चौथीतली एक मुलगी पाटी घेऊन बसते आणि खाली मांडत जाते : तांदूळ ३ किलो ७०० ग्रॅम, डाळ ७४० ग्रॅम, भाजी १ किलो ८५० ग्रॅम, तेल १८५ ग्रॅम. मध्यान्ह भोजन योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं माप ठरलेलं आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, ही अपेक्षा. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत हे माप मुलांना तोंडपाठ आहे, कारण खिचडी शिजवणाऱ्या मावशींना कोठीतून तांदूळ-डाळ मोजून द्यायचं काम दर आठवड्याला एका गटाकडे असतं.

तिसरीतल्या एकाने मध्येच विचारलं, “बाई, पहिलीतल्या बारक्यालापण शंभर ग्रॅम आणि पाचवीतल्या दादालापण शंभरच?”

शासन निर्णय पाहिला तर उत्तर ‘हो’ एवढंच आहे. बाईंनी ते दिलं नाही. “कोण किती खातं ते आधी बघा, मग बोलू,” म्हणाल्या. आठवडाभर वाढताना प्रत्येकाच्या ताटात किती डाव खिचडी पडली ते मुलांनी टिपलं. पहिलीतली मुलं दीड डावाच्या पुढे जात नव्हती, पाचवीतली तीनवर थांबत नव्हती. पाचवीतली एक मुलगी मात्र रोज एकच डाव घ्यायची. तिच्या नावापुढे टिपणाऱ्यांनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. मग इयत्तावार बेरजा झाल्या, जमिनीवर खडूने स्तंभ काढले गेले, आणि ‘सगळ्यांचं मिळून वाटलं तर एकेकाला किती’ अशा बोलीत सरासरी वर्गात आली. पाठ्यपुस्तकात ती वरच्या इयत्तांत येते.

हा तास कोणत्या विषयाचा होता? बेरीज-भागाकार होता, म्हणून गणिताचा म्हणावा. आहार होता, म्हणून परिसर अभ्यासाचा. सारखं वाटणं आणि गरजेप्रमाणे वाटणं यावरून पाचवीतल्या मुलांत जी हमरीतुमरी झाली ती थेट नागरिकशास्त्राची होती. आणि शेवटी सगळ्यांनी पाच-पाच ओळी लिहून काढल्या, तो मराठीचा स्वाध्याय. वेळापत्रकात त्या वेळी इंग्रजी होतं.

प्राथमिक शाळेत मुलं काय शिकतात, हे विषयांच्या यादीवरून कळत नाही असं माझं मत बनत गेलं ते अशा शाळांमध्ये बसून. यादी सरळ आहे. पहिली-दुसरीला मराठी, गणित, इंग्रजी. तिसरीपासून परिसर अभ्यास. चौथीत त्याचे दोन भाग होतात. पाचवीत हिंदी येते. जोडीला कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. पण शिकणं घडतं ते बहुतेक दोन विषयांच्या सांध्यावर, आणि सांध्यासाठी वेळापत्रकात तासिका नसते, परीक्षेत प्रश्न नसतो, प्रगतिपुस्तकात रकाना नसतो.

वेळापत्रकाबद्दलही थोडं बोलायला हवं. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीची शाळा वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास चालली पाहिजे, आणि ६० पटापर्यंत दोन शिक्षक हवेत. दोन शिक्षक म्हणजे दोन माणसं आणि पाच इयत्ता. भिंतीवर लावलेलं वेळापत्रक पाच रकान्यांचं असतं. ते पाचही रकाने एकाच वेळी चालवणं कुणालाच शक्य नाही, हे गुरुजींना, केंद्रप्रमुखांना आणि बहुधा भिंतीलाही ठाऊक असतं. म्हणून एका ओसरीत पहिली-दुसरी, खोलीत तिसरी ते पाचवी असे जोडवर्ग बसतात. शिक्षक तिसरीला वजाबाकी देतात तेव्हा पाचवीतला कान देऊन ऐकत असतो, आणि चौथीला अफजलखानाचा वध चालू असेल तर तिसरीची वजाबाकी थांबते. शहरातल्या पालकांना ही दैना वाटते. शिक्षक कमी असण्याचं समर्थन मी करणार नाही. पण एकच माणूस सगळे विषय शिकवतो तेव्हा कालच्या भूगोलातली गोष्ट आजच्या गणितात आणणं त्याच्या हातात असतं. सहावीपासून ही सोय संपते.

परिसर अभ्यास हा विषय मुळात याच विचारातून आलेला आहे : लहान मुलासमोर विज्ञान, भूगोल, इतिहास, नागरिकशास्त्र अशी चार दुकानं मांडू नयेत. बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं केलं. गडचिरोलीच्या मुलाला गडचिरोलीचा नकाशा, सिंधुदुर्गच्या मुलाला सिंधुदुर्गचा. १९६७ साली पुण्यात सुरू झालेल्या या मंडळाच्या चांगल्या कल्पनांपैकी ही एक. आपल्या तालुक्याच्या शेजारी कोणता तालुका, नदी कुठून येते, बाजार कोणत्या वारी भरतो, हे मुलाला आधीच माहीत असतं. पुस्तकाचं काम त्याला ते नकाशावर दाखवणं एवढंच उरतं, आणि ते ‘एवढंच’ फार मोठं आहे. ज्या वाटेने आपण रोज चालतो ती कागदावर बोटभर रेघ होते, हे समजणं भाषेचंही काम आहे आणि गणिताचंही.

एकत्र बांधलेलं पुस्तक म्हणजे एकत्र शिकवणं, अशी मात्र एक गैरसमजूत सरकारदरबारी होऊन गेली. २०२३-२४पासून राज्यात पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले गेले, एकेका भागात सगळे विषय आणि पाठांच्या मधोमध वहीची कोरी पानं. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू चांगलाच होता. ओझं थोडं हललं असेल, पण मराठीचा पाठ संपला की पान उलटून गणिताचा सुरू, यापलीकडे विषयांची एकमेकांशी ओळख झाली नाही. दोन वर्षांनी कोरी पानं गेली आणि पुस्तकं पुन्हा सुटी झाली.

आता तो सांधा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं : गणितातली भाषा.

तिसरीच्या एका मुलाला हे उदाहरण होतं. एका टोपलीत २४ चिकू आहेत. दुसऱ्या टोपलीत त्यापेक्षा ६ कमी आहेत. दोन्ही टोपल्यांत मिळून किती? त्याने ३० लिहिलं. बेरीज बिनचूक. ‘मिळून’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ही युक्ती त्याला कुणीतरी शिकवलेली होती, आणि आपल्याकडे ती राजरोस शिकवली जाते. मग मूल वाक्य वाचतच नाही, खुणेचा शब्द हुडकतं. वहीवर लाल फुली गणिताच्या खात्यात पडते, पण चुकलं होतं ते ‘त्यापेक्षा कमी’ वाचणं. त्याला पुन्हा बेरजा घालून काय होणार? बाईंनी त्याला टोपल्यांचं चित्र काढायला लावलं. दुसऱ्या टोपलीत चिकू काढताना तो १८वर थांबला, मान वर करून बघितलं, आणि आधीचं उत्तर खोडून ४२ लिहिलं. त्यानंतर त्या वर्गात एक रिवाज पडला : रोज एका मुलाने स्वतः शाब्दिक उदाहरण रचायचं आणि बाकीच्यांनी सोडवायचं. गणित जमणाऱ्या मुलांची इथे भंबेरी उडते, कारण प्रश्न नीट लिहिला नाही तर वर्ग ओरडतो, “हे सुटतच नाही!”

मराठी संख्यानामांचीही एक गंमत आहे आणि ती सात वर्षांच्या मुलाला अजिबात गमतीची वाटत नाही. त्रेचाळीस म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. ऐकून लिहिणारं मूल ३४ लिहितं. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, म्हणजे नावातच वजाबाकी. एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत ही रीत पाळली जाते आणि नव्व्याण्णवला मोडते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने ‘वीस एक’, त्रेसष्टच्या जोडीने ‘साठ तीन’ असं वाचन दिलं गेलं, तेव्हा काय गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. विधिमंडळात कोट्या झाल्या, घराघरांत भाषा बुडाल्याची हळहळ झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडाक्षरांनी अडणाऱ्या मुलाला चढायला आणखी एक पायरी दिली आहे. कानडी आणि तेलुगूत दशक आधी, एकक नंतर असंच म्हणतात, आणि तिकडच्या भाषा काही बुडाल्या नाहीत. किराणा दुकानात आजी ‘त्रेसष्ट रुपये’ म्हणणार, तेव्हा त्रेसष्ट यायलाच हवं, हा आक्षेपही खरा होता. पण आरडाओरडा करणाऱ्यांमध्ये दुसरीचा वर्ग शिकवलेले किती होते, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

२०२५च्या उन्हाळ्यातही तसंच झालं. पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असावी की नसावी यावर राज्य ढवळून निघालं आणि जूनअखेरीस सरकारला निर्णय मागे घ्यावे लागले. ओझ्याबद्दलचा विरोध रास्तच होता. पण मूल पहिली भाषा कशी वाचतं, ‘त्यापेक्षा कमी’ हे त्याला कोणत्या तासाला कळतं, याबद्दल त्या महिन्यांत फारसं काही ऐकू आलं नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलांसमोर दोन कागद ठेवतात. एकावर अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. दुसऱ्यावर अंक, हातच्याची वजाबाकी, भागाकार. त्यांचे निकाल छापून आले की आपण वाचनाचं वेगळं आणि गणिताचं वेगळं दुःख करतो.

विषय जोडून शिकवण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यांत धाडसी प्रयोग वर्ध्यात झाला. ऑक्टोबर १९३७मध्ये तिथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला, आणि सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी तो चालवून पाहिला. टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाचं गणित सुतातूनच यायचं. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. किती वेळात किती तार, कापूस किती घेतला, तूट किती आली, हे रोजचं लिहिणं. कापूस कुठल्या जमिनीत येतो हा भूगोल, तो मँचेस्टरला जाऊन कापड होऊन कसा परत यायचा हा इतिहास.

कल्पना म्हणून ही आजही थक्क करते. पण तिच्या वाटेत एक खड्डा होता, आणि ‘नवी तालीम’ या नावाने ती ज्या ज्या शाळांत वरून आदेश म्हणून उतरली तिथे अनेक जण त्यात पडले. सगळंच टकळीला बांधायचं म्हटल्यावर जे बांधलं जात नाही तेही ओढूनताणून बांधलं जातं. शिक्षकाला सूतही नीट कातता येत नसेल आणि गणितही नीट येत नसेल, तर दोन्हींची वाट लागते. आजचे ‘पाणी’, ‘आपले सण’ असे प्रकल्प पाहताना हीच भीती वाटते. पाण्यावर कविता म्हणा, पाण्याचं चित्र रंगवा, पाण्याच्या दहा बाटल्या मोजा. दहा बाटल्या मोजण्यात गणित कुठे आहे? खिचडीच्या हिशेबात ते होतं, कारण तिथे चुकलं तर कुणाचं तरी ताट रिकामं राहणार होतं.

सेवाग्रामची आजची शाळा, आनंद निकेतन, २००५मध्ये नव्याने सुरू झाली. तिथे शेती आणि स्वयंपाक हा शिक्षणाचाच भाग आहे. टकळी आहे, पण सगळा भार तिच्यावर नाही. तिकडे डहाणूच्या बाजूला वेगळ्या वाटेने हेच घडलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं गुरं घेऊन रानात जातात, शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच रानात न्यायची, हा त्यांचा उपाय. कुरणशाळा म्हणतात तिला. गुरं चरत असताना तिथल्याच बिया, खडे, पानं घेऊन मोजणं, वर्गवारी करणं, नावं लिहिणं. कोणतं गवत गुरं खातात आणि कोणतं टाळतात, हे मुलांना शिकवणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत. शिकवणारे लिहिणं शिकवणार, मुलं गवत शिकवणार. शाळेत न येणाऱ्या मुलाला ‘काहीच येत नाही’ असं आपण सहज म्हणतो, त्याला मोडक-वाघ यांच्यासारखं उत्तर फार थोड्यांनी दिलं.

दिवाळीला अंगणात मुलांचे किल्ले उभे राहतात. महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं आंतरविषयक शिक्षण शाळेला सुट्टी लागल्यावर सुरू होतं, असं म्हणायला हरकत नाही. चौथीला ‘शिवछत्रपती’ असतं. पाच दशकांहून अधिक काळ या राज्यातली पिढ्यान् पिढ्या मुलं ते वाचत आली आहेत. पण पुरंदर, तोरणा, राजगड ही नावं उत्तरपत्रिकेत लिहिणं वेगळं आणि चिखलातून माची बाहेर काढणं वेगळं. ओली माती उभ्या कड्यावर टिकत नाही, खाली बसते. मग कळतं की उतार केवढा ठेवायचा आणि आत दगड-विटा का रचायच्या. अळीव किंवा मोहरी पेरायची ती भाऊबीजेला हिरवी दिसली पाहिजे, म्हणजे किती दिवस आधी पेरायची हा हिशेब. सावलीतल्या बाजूला ती लांबुडकी आणि पिवळट येते, उन्हातल्या बाजूला ठेंगणी आणि हिरवीगार, आणि हे पुस्तकातल्या प्रकाशसंश्लेषणाच्या आधी कळलेलं असतं.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात बाई किल्ल्यांवर बोलतात. त्यांचा ठेवणीतला प्रश्न मावळ्याचा. बाजारातला मातीचा मावळा आठ सेंटीमीटरचा. खरा माणूस १६० सेंटीमीटरचा धरू. म्हणजे किती पट लहान? वीस. मग रायगडही वीस पट लहान करायचा तर? माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर. विसाने भागा. ४१ मीटर.

“४१ मीटर म्हणजे केवढा, बाई?”

“तालुक्याच्या गावात पाण्याची टाकी आहे ना? तिच्याहून उंच.”

वर्गात हसू फुटतं. कारण सगळ्यांच्या घरी मावळा बुरुजाएवढा आणि दारातून आत जाऊच शकणार नाही असा बसवलेला असतो. एकीने विचारलं, मग एवढ्या उंचावर पाणी कुठून यायचं? इथून पुढचे दोन दिवस काळा दगड, त्यात खोदलेली टाकी, पावसाचं पाणी, रायगडावरचा हत्ती तलाव, आणि आपल्या गावाला उन्हाळ्यात टँकर का येतो, इथपर्यंत गेले. गुरुजींच्या मते बाई फार वाहवत जातात. “पाचवीचा अभ्यासक्रम कोण पुरा करणार?” त्यांचं म्हणणं खोटं नाही. पाचवीला तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा होती, आणि २०२३-२४पासून पाचवीच्या वार्षिक परीक्षेत मूल नापासही होऊ शकतं. त्या पेपरात हत्ती तलावातून टँकरपर्यंत जाणारा प्रश्न येत नाही.

आणि मग नोंदी. २०१०पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तिसरी-चौथीला ६० गुण सत्रभराच्या आकारिक कामाला, ४० सत्राअखेरीच्या संकलित चाचणीला. गुणांखेरीज प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने स्वतः पाहिलेलं लिहायचं : विशेष प्रगती, आवड किंवा छंद, आवश्यक सुधारणा. कागदावर ही पद्धत इतकी सुंदर आहे की तिच्या अंमलबजावणीकडे बघवत नाही. या नोंदींच्या तयार पुस्तिका दुकानात मिळतात, आता मोबाइलवरही फिरतात. ‘परिसरातील घटनांची माहिती सांगतो’, ‘कविता तालासुरात म्हणते’ अशी वाक्यं विषयवार छापलेली असतात आणि चाळीस मुलांच्या नावांपुढे ती उतरवली जातात. रात्री अकराला नोंदी भरणाऱ्या शिक्षकाला मी दोष देणार नाही. जनगणनेपासून मतदार याद्यांपर्यंतची कामं करून तो घरी आलेला असतो.

चिकूवाल्या मुलाची नोंद लिहिताना बाई आणि गुरुजींमध्ये वाद झाला, तो मी ओसरीवर बसून ऐकला. बाईंनी गणिताच्या पानावर, सुधारणेच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘उदाहरण पूर्ण न वाचता सोडवतो.’ गुरुजी म्हणाले, वाचण्याचं आहे तर ते मराठीच्या पानावर जायला हवं, गणितात त्याची बेरीज चांगली आहे. बाई म्हणाल्या, मराठीच्या धड्यात तो अडखळत नाही, गोष्ट घडाघडा वाचतो, मग मराठीत कमी कसं लिहू? गुरुजींनी दोन्ही पानं उलटसुलट करून पाहिली. प्रत्येक विषयाला स्वतंत्र पान होतं आणि दोन विषयांना मिळून एकही नव्हतं. मग त्यांनीच पेन घेतलं, गणिताच्या पानाच्या समासात बारीक अक्षरात ‘मराठी पाहा’ असं लिहिलं, आणि मराठीच्या पानावर ‘गणित पाहा’.